दोन केमोंच्या मधले दिवस : पचनसंस्थेचे त्रास व घरची शुश्रूषा



वार्षिक अहवालात जमाखर्चाची पत्रके, बाह्यरुग्ण विभागाचे आकडे व देणगीदारांची नामावली असतेच. त्यासोबत प्रतिवर्षी आरोग्यविषयक एक अभ्यासलेख देण्याची आमची प्रथा आहे. यंदा विषय निवडताना आम्हांस फार विचार करावा लागला नाही. वर्षभरात घडलेल्या एका प्रसंगाने तो आमच्यापुढे आणून ठेवला. विषय आहे केमोथेरपी चालू असलेल्या कर्करुग्णांना होणाऱ्या पोटाच्या त्रासांचा : मळमळ, उलटी, तोंड येणे, जुलाब आणि बद्धकोष्ठ.

झरी हे परभणी-जिंतूर मार्गावरील गाव. आमच्या रुग्णालयात केमोथेरपी दिली जात नाही आणि तसा आमचा दावाही नाही. या परिसरातील कर्करुग्ण उपचारासाठी छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जातात, कोणी लातूरला, कोणी बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात, तर कोणी परभणी स्थानकावर रात्रीची गाडी धरून मुंबईला परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जातात. १९४१ साली सुरू झालेल्या त्या रुग्णालयाचे नाव मराठवाड्यातील खेड्यापाड्यांत 'टाटा' एवढ्याच दोन अक्षरांनी ओळखले जाते.

परंतु येथे एक साधा हिशेब मांडावासा वाटतो. केमोथेरपीचे एक आवर्तन बहुधा २१ दिवसांचे असते. त्यांपैकी औषध शिरेतून देण्याचा दिवस एखादा. उरलेले २० दिवस रुग्ण आपल्या घरी, आपल्या गावी असतो. औषध मोठ्या शहरात दिले जाते, त्याचा त्रास मात्र आमच्या गावी प्रकट होतो. हे २० दिवस कोणाचे, हा प्रश्न आम्ही स्वतःस पूर्वी कधी विचारला नव्हता. यंदा तो विचारावा लागला.

एक प्रसंग

जवळच्या एका गावचे साठीच्या घरातील एक शेतकरी. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन त्यांना गोळ्यांच्या रूपातील केमोथेरपी सुरू झाली होती. या गोळ्या १४ दिवस घरीच घ्यावयाच्या आणि पुढील ७ दिवस विश्रांती, असा क्रम होता. दुसऱ्या आवर्तनात त्यांना जुलाब सुरू झाले. ते आमच्या बाह्यरुग्ण विभागात आले. नोंदवहीत 'जुलाब' असे लिहिले गेले, नेहमीची औषधे दिली गेली आणि ते घरी गेले. दोन दिवसांनी पुन्हा आले, पुन्हा तसेच झाले. तिसऱ्या वेळी त्यांना मुलाने व शेजाऱ्यांनी बाजेवरून आणले. आदल्या रात्रीपासून लघवी झालेली नव्हती, ओठ सुकले होते, नाडी क्षीण होती.

सलाईन लावता लावता आमच्या परिचारिकेने विचारले, "मामा, दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत का?"

त्यांनी उशाची पिशवी दाखवली. गोळ्या त्या सकाळीही घेतलेल्या होत्या.

"अहो, एवढे जुलाब होत असताना या गोळ्या का घेतल्या?"

"डोस चुकवायचा नाही म्हणून सांगितलं होतं, सिस्टर. आणि त्रास झाला तरच औषध लागू पडतंय म्हणतात."

त्यांना तातडीने परभणीस हलविण्यात आले. सुदैवाने मूत्रपिंडे सावरली आणि काही आठवड्यांनी कमी मात्रेत त्यांचे उपचार पुन्हा सुरू झाले. ते बरे होऊन आम्हांस भेटावयास आले, तेव्हा आम्ही त्यांची क्षमा मागितली. कारण गोळ्यांविषयीचा प्रश्न आम्ही पहिल्याच भेटीत विचारावयास हवा होता. औषधाची चूक नव्हती, रुग्णाचीही नव्हती. रुग्णाने सोसले आणि आम्ही विचारले नाही, या दोहोंच्या मध्ये एक जीव जाता जाता वाचला.

या लेखाचे सांगणे त्यामुळे एवढेच आहे : सोसणे हा उपचाराचा भाग नाही. वेळेवर सांगणे हा आहे. पुढील माहिती त्याच हेतूने, आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून तपासून घेऊन, सोप्या भाषेत दिली आहे. आम्ही स्वतः वाणिज्य शाखेचे पदवीधर आहोत, वैद्य नव्हे. तेव्हा औषधाची मात्रा ठरविण्यासाठी हा लेख वापरू नये, डॉक्टरांस काय व केव्हा सांगावे हे ठरविण्यासाठी वापरावा.

पोटालाच त्रास का होतो?

कर्करोगाच्या पेशी वेगाने वाढतात आणि केमोथेरपीची बहुतेक औषधे वेगाने वाढणाऱ्या पेशींवर आघात करतात. शरीरातील काही निरोगी पेशीही स्वभावतः वेगाने वाढणाऱ्या असतात. केसांची मुळे, अस्थिमज्जेतील रक्त तयार करणाऱ्या पेशी आणि तोंडापासून गुदद्वारापर्यंतचे आतील नाजूक अस्तर या त्यांपैकी होत. आतड्याचे अस्तर काही दिवसांत पूर्णपणे नवे होत असते. केमोथेरपीमुळे हे नवे होणे काही काळ थांबते, जुने अस्तर झिजते आणि त्या जागी पाणी व अन्न शोषून घेण्याची शक्ती कमी होते. तोंड येणे व जुलाब होणे ही या एकाच झिजेची दोन टोके आहेत.

उलटीचे कारण थोडे निराळे आहे. काही औषधांमुळे आतड्याच्या अस्तरातून सेरोटोनिन नावाचे द्रव्य सुटते, ते मज्जातंतूंमार्फत मेंदूतील उलटीच्या केंद्राला चेतविते. म्हणून पोट रिकामे असले तरीही ओकाऱ्या येतात. रुग्ण 'मनाने कच्चा' आहे म्हणून उलटी होते, असा समज घरात कोणीही करून घेऊ नये.

हे त्रास सर्वांना सारखे होत नाहीत. कोणते औषध, किती मात्रा आणि कोणाची प्रकृती यांवर ते अवलंबून असतात. शेजारच्या रुग्णास काहीच झाले नाही म्हणून आपला त्रास खोटा ठरत नाही. आणि त्रास झाला नाही म्हणजे औषध लागू पडत नाही, हा समज तर सर्वथा चुकीचा आहे. त्रासाचा आणि गुणाचा असा काही हिशेब नसतो.

मळमळ व उलटी

सिसप्लॅटिन या औषधास अमेरिकेत १९७८ साली मान्यता मिळाली. ते गुणकारी होते, परंतु त्याने इतक्या उलट्या होत की अनेक रुग्ण उपचार अर्धवट सोडून देत. केमोथेरपीविषयी समाजात जी धास्ती आजही आहे, तिचे मूळ बव्हंशी त्या काळात आहे. १९९१ साली ऑन्डान्सेट्रॉन हे सेरोटोनिनला अडविणारे औषध उपलब्ध झाले आणि चित्र पालटले. २००३ साली अप्रेपिटंट आले. त्यानंतर ओलॅन्झापिन हे मूळचे मानसिक आजारावरील औषधही मळमळ थांबविण्यास अत्यंत उपयुक्त असल्याचे सिद्ध झाले. या औषधाने झोप फार येते ही एक अडचण होती. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी नेहमीच्या १० मिलिग्रॅमऐवजी २.५ मिलिग्रॅम एवढीच मात्रा देऊन पाहिली. उलटी आटोक्यात ठेवण्यात अल्प मात्रा मोठ्या मात्रेपेक्षा उणी ठरली नाही आणि गुंगी मात्र कमी आली. हा अभ्यास २०२४ साली 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आपल्याच राज्यातील रुग्णांवरून जगास मिळालेले हे ज्ञान आहे, याचा सर्वांनी अभिमान बाळगावा.

रुग्णांच्या कुटुंबीयांनी उलटीचे तीन प्रकार ध्यानात ठेवावेत. पहिली उलटी औषध दिल्यापासून २४ तासांच्या आत होते. दुसरी विलंबाने, म्हणजे दुसऱ्या दिवसापासून सुमारे पाचव्या दिवसापर्यंत केव्हाही होते. आमच्याकडे येणारे रुग्ण बहुधा या दुसऱ्या प्रकारातील असतात, कारण पहिली उलटी शहरात होऊन गेलेली असते. घरी आल्यावर बरे वाटले की रुग्ण गोळ्या थांबवितो आणि तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू होतात. म्हणून उलटीच्या गोळ्या जितके दिवस लिहून दिल्या असतील तितके दिवस, उलटी नसली तरीही, घ्याव्यात. उलटी सुरू झाल्यावर गोळी देणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणे होय.

तिसरा प्रकार आठवणीने येणाऱ्या उलटीचा. पूर्वी फार त्रास झाला असेल तर रुग्णालयाचे फाटक दिसताच किंवा स्पिरिटचा वास येताच ओकारी येते. यावर सर्वोत्तम उपाय म्हणजे पहिल्याच आवर्तनात उलटी होऊ न देणे. तरीही असे होत असल्यास डॉक्टरांस सांगावे, त्यासाठी वेगळे औषध देता येते.

घरी करावयाच्या गोष्टी साध्या आहेत. दोन वेळा पोटभर जेवण्याऐवजी दिवसातून सहा-सात वेळा थोडे थोडे खावे. सकाळी उठल्याबरोबर काहीतरी कोरडे खावे. ज्वारीच्या लाह्या, मुरमुरे किंवा टोस्ट चालेल. जेवताना फार पाणी पिऊ नये, मधल्या वेळेत घोट घोट प्यावे. गरम अन्नाचा वास सहन होत नसेल तर ते निववून द्यावे. फोडणीचा खमंग वास एरवी भूक चाळवितो, या दिवसांत तोच वास उलटी आणतो. जेथे स्वयंपाक करणारी गृहिणीच रुग्ण आहे, तेथे निदान पहिले पाच दिवस चुलीपासून तिची सुटका करावी, अशी आमची कळकळीची विनंती आहे. अशा भगिनी 'मला वासाने होतं' असे घरात बोलून दाखवीत नाहीत, त्या न जेवता राहतात. हे त्यांच्या सासूबाईंनी, जावांनी व यजमानांनीच ओळखावयाचे आहे.

२४ तासांत पाणीसुद्धा पोटात ठरत नसेल, गोळीही उलटून पडत असेल किंवा उलटीत रक्त दिसले तर वाट पाहू नये. सिसप्लॅटिन घेणाऱ्या रुग्णाच्या अंगातील पाणी कमी झाल्यास मूत्रपिंडास इजा होण्याचा धोका अधिक असतो.

तोंड येणे व चव जाणे

औषधानंतर साधारण पाचव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान तोंड येते. जीभ व गाल आतून लाल होतात, फोड येतात, घास गिळवत नाही. मऊ ब्रशने दात घासावेत. पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा व चिमूटभर मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या कराव्यात, ते पाणी गिळू नये. बाजारात मिळणारी, जळजळ करणारी मद्यार्कयुक्त तोंड धुण्याची औषधे वापरू नयेत. तिखट, आंबट, फार गरम व टोकदार पदार्थ टाळावेत. आमच्या भागात मिरचीच्या ठेच्यावाचून घास उतरत नाही हे आम्ही जाणतो, परंतु हे दोन आठवडे ठेच्याने रजा घ्यावी. मिसरी, तंबाखू व गुटखा तर कायमचे बंद करावेत.

जिभेवर वा टाळूवर पुसूनही न जाणारे पांढरे थर दिसल्यास तो बुरशीचा संसर्ग असू शकतो, त्यावर औषध आहे. तोंडास धातूसारखी चव येत असल्यास स्टीलऐवजी काचेचे वा चिनी मातीचे भांडे व लाकडी चमचा वापरून पाहावा.

येथे एक सूचना आवश्यक वाटते. एका विशिष्ट औषधाच्या वेळी, ते शिरेतून देत असताना, तोंडात बर्फ चघळल्याने तोंड कमी येते. परंतु ऑक्सालिप्लॅटिन हे औषध घेणाऱ्यास थंड पाणीदेखील सोसत नाही, घसा आवळल्यासारखा होतो व बोटांना झिणझिण्या येतात. एका रुग्णाचा उपाय दुसऱ्यास सांगू नये, तो याच कारणाने.

जुलाब : मोजा आणि सांगा

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. फ्लुरोयुरॅसिल, इरिनोटेकॅन व घरी घ्यावयाच्या कॅपेसिटाबिनच्या गोळ्या यांनी जुलाब होण्याचा संभव विशेष असतो. शौचाविषयी बोलण्याचा संकोच आपल्याकडे फार. "ती काय सांगायची गोष्ट आहे का?" असे वडीलधारी मंडळी म्हणतात. आमचे उत्तर असे की, कर्करोगाच्या उपचारात ती सर्वांत आधी सांगावयाची गोष्ट आहे.

जुलाब किती झाले हे आठवणीवर सोडू नये. दिनदर्शिकेच्या चौकटीत दर खेपेस एक रेघ ओढावी. रोजच्या सवयीपेक्षा चार वा अधिक वेळा जास्त जावे लागले, किंवा रात्री झोपेतून उठून जावे लागले, तर कॅपेसिटाबिनची पुढील गोळी घेऊ नये आणि त्याच दिवशी आपल्या कर्करोग रुग्णालयास दूरध्वनी करावा. गोळी थांबविणे म्हणजे उपचार बुडविणे नव्हे. डॉक्टर दोन-चार दिवस थांबवून, गरज भासल्यास मात्रा कमी करून ती पुन्हा सुरू करतात. जुलाब चालू असताना गोळी घेत राहणे मात्र जिवावर बेतू शकते. आमच्या त्या शेतकरी रुग्णास हेच कोणी दोन दिवस आधी सांगितले असते, तर बाजेवरून येण्याची वेळ त्यांच्यावर आली नसती.

जुलाब बांधणारी लोपेरामाइडची गोळी उपयुक्त आहे आणि पुष्कळदा डॉक्टर ती आधीच लिहून देतात. परंतु ताप असेल किंवा शौचात रक्त असेल तर ती आपल्या मनाने घेऊ नये.

पाणी भरून काढण्यासाठी सर्वांत मोठे औषध म्हणजे जलसंजीवनी, अर्थात ओआरएस. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली असताना सलाईनचा साठा संपत आला. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून असंख्य प्राण वाचविले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. आतडे झिजलेले असतानाही साखरेच्या साह्याने मीठ व पाणी शोषून घेते, हे त्यामागील शास्त्र होय. म्हणूनच प्रमाण महत्त्वाचे. एक लिटरच्या पाकिटात एक लिटरच उकळून निववलेले पाणी घालावे. बाजारात २०० मिलिलिटरची लहान पाकिटेही मिळतात, तेव्हा पाकिटावरील मजकूर वाचून घ्यावा. तयार डबीतील गोड पेये ओआरएस समजून देऊ नयेत. अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द वापरण्यास भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली आहे. मूत्रपिंडाचा, हृदयाचा विकार वा मधुमेह असणाऱ्यांनी ओआरएसविषयी आधी डॉक्टरांस विचारावे.

जुलाबात मऊ भात, भाताची पेज, मुगाचे पातळ वरण, साबुदाण्याची खीर (दुधाविना), शिजवलेला बटाटा, केळे हे पदार्थ सोसतात. दूध काही दिवस बंद ठेवावे, कारण झिजलेल्या आतड्यास दुधातील साखर पचत नाही. ज्वारीची भाकरी, उसळी, कच्ची कोशिंबीर, तळलेले पदार्थ व चहा-कॉफी जुलाब थांबेपर्यंत टाळावीत. सहा-आठ तास लघवी न होणे, उभे राहताच भोवळ येणे, रक्त पडणे अथवा पोटात तीव्र कळा येणे, यांपैकी काहीही दिसल्यास रात्र असली तरी रुग्णालयात आणावे.

बद्धकोष्ठ

जुलाबांची चर्चा तरी होते, बद्धकोष्ठाकडे मात्र कोणी लक्ष देत नाही. व्हिन्क्रिस्टीन हे औषध, वेदनेसाठी दिले जाणारे मॉर्फिन आणि उलटी थांबविणारे ऑन्डान्सेट्रॉन यांनीही शौचास घट्ट होते. येथे ज्वारीची भाकरी, पालेभाजी, पपई, भिजवलेल्या मनुका व भरपूर पाणी उपयोगी पडते. अंगणात दोन फेऱ्या मारल्यानेही आतड्यास चालना मिळते. पाणी कमी पिणाऱ्याने इसबगोल घेऊ नये, त्याने उलट अडथळा वाढू शकतो. रक्तातील पांढऱ्या पेशी कमी असताना घरच्या घरी एनिमा देऊ नये. पोट फुगणे, वारा न सरणे आणि उलट्या ही तीन लक्षणे एकत्र आल्यास आतड्यास अडथळा झाल्याची शंका घ्यावी व तत्काळ यावे.

पथ्य : काय खरे, काय खोटे

मराठवाड्यात आजारी माणसास पहिला प्रश्न 'पथ्य काय?' हाच असतो. त्यामागील माया आम्ही ओळखतो. परंतु या मायेपोटीच रुग्णाची उपासमार होताना आम्ही पाहिली आहे. साखर कर्करोगास पोसते म्हणून साखर बंद, अंडे उष्ण म्हणून अंडे बंद, डाळ जड म्हणून डाळ बंद, अशाने वजन उतरते, रुग्ण अशक्त होतो आणि पुढचे आवर्तन पुढे ढकलावे लागते. मधुमेह नसेल तर साखरेची धास्ती नको. पूर्ण उकडलेले अंडे, मूग, दूध सोसत असल्यास दूध, शेंगदाण्याचे कूट घालून केलेली मऊ खिचडी हे या काळातील खरे औषध आहे. एकादशी, चतुर्थीचे उपवास उपचार संपेपर्यंत सोडावेत. देव रुग्णाची अडचण जाणतो.

जुलाब नसताना आपल्या भागातील ज्वारीसारखे धान्य नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट संस्थेच्या सहकार्याने लोह व जस्त अधिक असलेले 'परभणी शक्ती' हे ज्वारीचे वाण विकसित केले आहे. ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून दिल्यास दात व तोंड दुखणाऱ्या रुग्णासही त्या खाता येतात.

पथ्य खरे पाळावयाचे ते स्वच्छतेचे. पाणी उकळून गार केलेले, अन्न ताजे शिजविलेले, फळ घरी धुऊन सोललेले असावे. बसस्थानकावरील कापलेली फळे, उसाचा रस व बर्फाचे गोळे वर्ज्य करावेत. दही-ताक विरजणाचे जुने नसावे, घरी तापविलेल्या दुधाचे त्याच दिवशीचे असावे आणि तेही डॉक्टरांस विचारून. कोणी काढा, भस्म वा जडीबुटी दिल्यास ती लपवू नये. आम्ही रागावणार नाही, परंतु तिचा केमोथेरपीच्या औषधाशी संबंध येऊ शकतो म्हणून ती माहीत असणे आवश्यक आहे.

तापाचा नियम

औषधानंतर बहुधा सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. त्याच सुमारास तोंडाचे व आतड्याचे अस्तरही झिजलेले असते, त्यामुळे पोटातील जंतू रक्तात शिरण्याची वाट मोकळी होते. या काळात १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नये. त्याच तासाला निघावे. अशा तापात पहिले प्रतिजैविक रुग्णालयात पोहोचताच, शक्यतो तासाभरात मिळणे आवश्यक असते. म्हणून प्रत्येक घरी थर्मामीटर असावा. हाताने कपाळ पाहणे पुरेसे नाही.

आम्ही काय बदलले

त्या प्रसंगानंतर आमच्या विश्वस्त मंडळाच्या बैठकीत या विषयावर सविस्तर चर्चा झाली. नवीन इमारत वा महागडे यंत्र यांची त्यासाठी गरज नाही, असे दिसून आले. आम्ही पुढील गोष्टी सुरू केल्या आहेत.

१. बाह्यरुग्ण विभागाच्या केसपेपरवर 'केमोथेरपी चालू आहे काय? शेवटचा डोस केव्हा? कोणत्या गोळ्या?' हे तीन प्रश्न छापले आहेत.

२. परिसरातील प्रत्येक केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णास एक पिवळे कार्ड दिले जाते. त्यावर औषधांची नावे, उपचार करणाऱ्या रुग्णालयाचा दूरध्वनी व वर दिलेली धोक्याची लक्षणे लिहिलेली असतात. कार्ड दाखविणाऱ्यास रांगेत उभे राहावे लागत नाही.

३. शहरातून परतल्यावर तिसऱ्या व दहाव्या दिवशी आमची परिचारिका घरी दूरध्वनी करून उलटी, जुलाब, ताप व जेवण यांविषयी विचारपूस करते.

४. ओआरएसची पाकिटे व थर्मामीटर गरजू रुग्णांस विनामूल्य दिले जातात.

केमोथेरपीचा मुख्य खर्च अनेक कुटुंबांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून मिळतो. ही योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झाली व २०१७ साली तिचे नाव बदलले. परंतु दोन आवर्तनांमधील किरकोळ वाटणारा खर्च, म्हणजे पाकिटे, तपासण्या, रात्रीची गाडी, हा कुटुंबाच्या खिशातूनच जातो. आणि कुटुंब नेमके तेथेच हात आखडते. हिशेबनीस म्हणून आम्हांस एवढे निश्चित सांगता येते की, वेळेवर दिलेल्या चार पाकिटांचा खर्च आणि उशिरा करावा लागलेल्या अतिदक्षता विभागातील चार दिवसांचा खर्च एकाच स्तंभात मांडून पाहिल्यास दानाचा सर्वांत मोठा परतावा कोठे आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

विनंती

देणगीदारांस आमची विनंती आहे की, या कार्यासाठी स्वतंत्र 'मधले दिवस निधी' उभारण्यास आपण हातभार लावावा. त्यातून ओआरएस, थर्मामीटर, रात्रीच्या वेळी रुग्णास परभणीस नेण्यासाठी वाहनाचा खर्च आणि दूरध्वनीवर बोलणाऱ्या परिचारिकेचे मानधन भागविले जाईल. त्याचा जमाखर्च पुढील अहवालात स्वतंत्र पत्रकात देण्यात येईल.

रुग्णांच्या कुटुंबीयांस विनंती अशी की, हे पान कापून घरात दिनदर्शिकेशेजारी लावावे. रोज रात्री रुग्णास चार प्रश्न विचारावेत : आज किती वेळा जेवलात, किती वेळा उलटी झाली, किती वेळा शौचास गेलात, अंग तापले का? उत्तर लिहून ठेवावे आणि शंका आली की विचारावे. 'एवढ्यासाठी दवाखान्यात कशाला' असे म्हणून कोणी थांबू नये.

ते शेतकरी गृहस्थ गेल्या महिन्यात तपासणीसाठी जाण्यापूर्वी आमच्याकडे येऊन गेले. पिवळे कार्ड त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होते. दिनदर्शिकेचे पानही त्यांनी सोबत आणले होते आणि त्यावर जुलाबांच्या रेघा नीट ओढलेल्या होत्या. त्या रेघा अगदी थोड्या होत्या. आमच्या यंदाच्या अहवालातील सर्वांत समाधानाचा आकडा तोच आहे, असे आम्ही नम्रपणे नमूद करतो.